न जमलेलं वर्तुळ

चिनी कथेच्या वाटेवर : भाग ५

पेकिंगच्या 'छेनपाओ' या दैनिकाच्या पुरवणीत वाचकांना हसवण्यासाठी राखून ठेवलेलं एक सदर होतं. ४ डिसेंबर १९२१ च्या रविवारी त्या सदरात पा रेन नावाच्या लेखकाची एक गोष्ट सुरू झाली. तिचं नाव 'आ क्यूचं खरंखुरं चरित्र'. पा रेन हे टोपणनाव. रांगड्या, गावंढळ कलेसाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या चिनी शब्दप्रयोगातून उचललेलं. कधी आठवड्याने, कधी पंधरवड्याने एक प्रकरण येत राहिलं आणि नवव्या प्रकरणाला, १२ फेब्रुवारी १९२२ ला, गोष्ट संपली. त्या प्रकरणात नायकाला गोळ्या घातल्या जातात.

मागच्या दोन भागांत आपण 'वेड्याची रोजनिशी' वाचली. पा रेन म्हणजे तेच लू शुन. तेव्हा ते शिक्षण खात्यात नोकरी करत होते आणि रात्री लिहीत होते. पुरवणीचे संपादक सुन फूयुआन हे त्यांचे शाओशिंगच्या शाळेतले विद्यार्थी. पुढे १९२६ मध्ये लू शुन यांनी या गोष्टीच्या जन्माची हकिगत लिहिली. तीत हे सुन आठवड्याच्या आठवड्याला हसऱ्या चेहऱ्याने दारात येतात आणि उद्या छापायला जायचं आहे, अशी आठवण करून देतात. सरांना गोष्ट आटोपती घ्यायची होती, विद्यार्थ्याला ती लांबायला हवी होती. मग सुन काही दिवस गावी गेले. त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला आ क्यूविषयी ना माया होती ना राग. लू शुन यांनी शेवटचं प्रकरण पाठवून दिलं, ते छापूनही आलं. सुन परतले तेव्हा आ क्यूला जाऊन महिना उलटला होता.

दुसऱ्याच प्रकरणापासून ही गोष्ट विनोदाच्या सदरातून काढून नव्या साहित्याच्या सदरात नेली गेली होती. ही छोटीशी हलवाहलव मला फार महत्त्वाची वाटते. लोक हसायला बसले होते आणि त्यांच्या हातात हळूहळू दुसरंच काही ठेवलं जात होतं. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली ती यांग श्येनयी आणि ग्लॅडिस यांग या दांपत्याच्या इंग्रजी भाषांतरात. पहिली तीन प्रकरणं मी मोकळेपणाने हसत होते. नवव्या प्रकरणात गाडीमागून चाललेली गर्दी दिसली, आणि ते हसू मला आठवलं. पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आज मला त्या हसण्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात नावापासून करू, कारण लेखकानेच तशी केली आहे. अख्खं पहिलं प्रकरण नावावर खर्च झालं आहे. चीनमध्ये चरित्र लिहिण्याचे कैक ठरलेले साचे होते: दरबारी इतिहासातलं थोरांचं चरित्र, घराण्याचं चरित्र, अमर झालेल्या सिद्धांचं चरित्र, आणि असेच आणखी काही. निवेदक एकेक साचा हातात घेतो आणि खाली ठेवतो. आ क्यू थोर नाही, त्याचं घराणं माहीत नाही, तो सिद्धही नाही. शेवटी जुन्या कादंबरीकारांच्या एका ठरीव वाक्याच्या शेपटातून तो 'खरी कथा' हे दोन शब्द उचलतो. आपले कीर्तनकार आख्यान भरकटलं की 'आता मूळ पदावर येऊ' म्हणतात, तसं ते वाक्य आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी इतिहासाच्या एकाही कप्प्यात जागा नाही, एवढं सांगायला लेखकाने पानंच्या पानं घेतली आहेत, आणि वाचक त्यावर हसत असतो.

आडनावाचं काय? एकदा दोन वाडगे दारू प्यायल्यावर आ क्यूने सांगून टाकलं होतं की तो गावच्या चाओ मालकांच्याच कुळातला आहे. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याला बोलावून घेतलं आणि थोबाडीत दिली. चाओ हे आडनाव लावायची तुझी लायकी आहे का, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर त्याला आडनाव उरलं नाही. नावाचा उच्चार 'क्वेइ' असा काहीसा, पण लिहायचा कोणत्या अक्षराने? सुवासिक फुलझाडाच्या की श्रीमंतीच्या? सांगणारं कुणी नाही. म्हणून निवेदक परकी रोमन लिपी पत्करतो आणि उच्चारातलं पहिलं अक्षर तेवढं ठेवतो. लू शुन यांचे धाकटे भाऊ चोउ च्वोरेन यांनी सांगितलं आहे की त्या अक्षराचा आकार लेखकाला आवडला होता: गोल डोकं आणि मागे लोंबणारी छोटी वेणी.

नावाआधीच्या 'आ'कडे मराठी वाचकाने नीट पाहावं. दक्षिण चीनमध्ये जवळिकीने किंवा खालच्या माणसाला हाक मारताना नावाआधी हा 'आ' लागतो. आपल्याकडे गणपतचा गण्या होतो, त्यातला 'या' तेच काम करतो. मायाही त्यात असते आणि पायरी दाखवणंही. हा 'आ' लक्षात ठेवा, सातव्या प्रकरणात तो गळून पडणार आहे.

वेइच्वांग हे गाव. आ क्यू भूमी-धान्याच्या देवाच्या देवळात झोपतो. कुणाचा गहू काप, कुणाचं भात कांड, कुणाची होडी ढकल, अशी पडेल ती कामं करतो. त्याच्या डोक्यावर खवड्यांचे जुने व्रण आहेत. केस न उगवलेले ते चकचकीत तुकडे हे त्याचं एकमेव गुपित, आणि ते सगळ्या गावाला दिसतं. तो आधी खवडा हा शब्दच वर्ज्य ठरवतो, मग त्याच्यासारखे ऐकू येणारे शब्द, मग लख्ख, मग उजेड, आणि शेवटी दिवा आणि मेणबत्तीसुद्धा. टपोरी पोरांना हे कळायला वेळ लागत नाही. ती त्याला पाहून मुद्दाम उजेडाच्या गोष्टी काढतात, मारामारी होते, त्याची वेणी धरून डोकं भिंतीवर चार-पाच वेळा आपटलं जातं आणि पोरं समाधानाने निघून जातात.

आ क्यू क्षणभर उभा राहतो. मग मनाशी ठरवतो की हा पोराने बापाला मारल्याचा प्रकार आहे, काळच वाईट आला आहे. यातली खुबी कळायला चिनी घरातली उतरंड डोळ्यांपुढे हवी. बापावर हात उगारण्याइतकं घोर पाप त्या जगात क्वचितच दुसरं असेल. म्हणजे मार खाल्ला आ क्यूने, पण पापी ठरला मारणारा, आणि बापाची उंच जागा मिळाली आ क्यूला. टपोऱ्यांना या युक्तीचा पत्ता लागतो. पुढच्या वेळी ते त्याच्याकडून तो जनावर असल्याचं वदवून घेऊ पाहतात. तो त्याहूनही खाली उतरून स्वतःला किडा म्हणवतो, तरी डोकं आपटलं जातंच. दहा सेकंदही जात नाहीत आणि त्याच्या ध्यानात येतं की स्वतःला इतकं हीन म्हणवणाऱ्यांत आपण पहिले. 'हीन' वगळलं की 'पहिला' उरतो. राजदरबारच्या परीक्षेत सर्वोच्च आलेला पंडितही पहिलाच असतो ना?

याला निवेदकानेच 'मानसिक विजयाची पद्धत' असं नाव दिलं आणि ते रोजच्या भाषेत रुळलं. आपल्याकडे 'पडलो तरी नाक वर' ही म्हण आहे आणि आ क्यूची ओळख करून देताना ती चटकन ओठांवर येते. माझ्या मते ती अर्ध्या वाटेपर्यंतच नेते. नाक वर ठेवायचं ते चारचौघांसाठी. पडणाऱ्याला आपण पडलो हे पक्कं ठाऊक असतं. आ क्यूच्या बाजूला कुणी नसताना काय होतं ते पाहा. गावच्या जत्रेत, नाटकाच्या रात्री, तो जुगारात आयुष्यात पहिल्यांदा जिंकतो. पुढ्यात चांदीच्या नाण्यांचा ढीग साचतो. अचानक भांडण पेटतं, लाथाबुक्क्या बसतात, आणि तो उठून पाहतो तर नाणी गेलेली असतात. या वेळी पोराने पळवली म्हणूनही मन मानत नाही आणि किडा म्हणवूनही मानत नाही. तो देवळात परततो, उजवा हात उचलतो आणि स्वतःच्याच तोंडात दोन सणसणीत ठेवून देतो. गाल चरचरतो, आणि हळूहळू त्याला वाटू लागतं की मारणारा तो आहे आणि मार खाणारा दुसरा कुणीतरी. त्याला गाढ झोप लागते.

इथे चारचौघं नाहीत. स्वतःचे दोन तुकडे करून त्यातल्या वरच्या तुकड्यात जाऊन राहायचं, म्हणजे खालच्याचं दुखणं आपलं वाटत नाही. त्या रात्री एकच पायरी त्याच्याहून खाली सापडण्यासारखी होती, ती त्याने स्वतःच्याच चेहऱ्यावर शोधली.

दुसरी पायरी तिसऱ्या प्रकरणात सापडते. त्या दिवशी त्याने दोनदा मार खाल्लेला असतो. आधी उवा कुणाच्या अंगावर जास्त निघतात या चढाओढीतून वांग नावाच्या दाढीवाल्याकडून, मग छिएन मालकांच्या थोरल्या मुलाच्या काठीने. हा मुलगा जपानला जाऊन वेणी कापून आला आहे आणि गाव त्याला तोतया फिरंगी म्हणतं. एवढ्यात समोरून मठातली तरुण भिक्षुणी येते. आ क्यू तिच्यावर थुंकतो, तिच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवतो, तिचा गाल चिमटीत धरतो. दारूच्या गुत्त्यातली माणसं खदखदून हसतात. त्या हसण्याने त्याला चेव येतो आणि तो आणखी जोरात चिमटा काढतो. ती रडत, निर्वंश होशील असा शाप देत निघून जाते.

या प्रसंगात लेखक वाचकाला नेमका कुठे उभा करतो? आतापर्यंत आपण आ क्यूवर हसत होतो, म्हणजे टपोऱ्यांच्या बाजूला होतो. इथे गुत्त्यातली माणसं हसतात आणि आ क्यूही हसतो. हसणाऱ्यांच्या त्या वर्तुळाबाहेर एकटी ती मुलगी आहे. गोष्टीत तिला नाव नाही. तिचा शाप मात्र खोल रुतून बसतो आणि पुढचं सगळं संकट त्यातूनच निघतं.

गोष्ट छापून येत असताना पेकिंगमधल्या सुशिक्षितांना काय वाटत होतं, त्याची एक हकिगत काओ यीहान यांनी पुढे नोंदवली. प्रकरणामागून प्रकरण येत होतं आणि अनेकजण धास्तावले होते, की आता आपली पाळी. त्यांच्या ओळखीच्या एकाला तर खात्री होती की अमुक प्रसंगात आपल्यावरच शिंतोडे उडवले आहेत आणि अमुक माणसानेच ते लिहिलं आहे. खरा लेखक कोण ते कळल्यावर, आणि त्याची आपली ओळखही नाही हे लक्षात आल्यावर, त्या गृहस्थांचा जीव भांड्यात पडला. ही धास्ती अहंकारातून आलेली नव्हती. १८४२ मध्ये ब्रिटिशांकडून, १८९५ मध्ये जपानकडून हार, १९०० मध्ये राजधानीत परकी फौजा, आणि प्रत्येक पराभवानंतर आपली संस्कृती किती पुरातन आणि श्रेष्ठ आहे याची दरबारी समजूत. हे सगळं ऐकत, पाहत मोठी झालेली ती पिढी होती. आम्ही एकेकाळी तुमच्याहून श्रीमंत होतो, असं आ क्यू भांडणात म्हणतो तेव्हा कुणाचं बोलणं चाललं आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. माओ तुन यांनी गोष्ट पुरती छापून होण्याआधीच लिहिलं की आ क्यू हा चिनी स्वभावाचा अर्क आहे. १९२८ मध्ये उलटा सूर लागला. छिएन शिंगत्सुन या तरुण डाव्या समीक्षकाने जाहीर केलं की शेतकरी आता जागा झाला आहे, आ क्यूचा काळ मेला आहे.

राष्ट्रीय स्वभावाचं हे वाचन खोटं नाही. लू शुन यांना स्वतःलाही आपल्या लोकांचा मूक आत्मा रेखाटायचा होता. तरी या वाचनात एक मोठी गैरसोय आहे. सगळा दोष आ क्यूच्या डोक्यात जाऊन बसतो आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटणारे हात चित्राबाहेर राहतात. लेखकाने ते हात बाहेर ठेवलेले नाहीत. चौथं प्रकरण सावकाश वाचलं तर दिसतं.

निर्वंशाच्या शापाने आ क्यूच्या मनात घर केलं आहे. मूलबाळ नसेल तर मेल्यावर भाताचा वाडगा कोण ठेवणार? चाओंच्या घरी भात कांडत असताना वू मा ही मोलकरीण, तरुण विधवा, काम आटोपून त्याच्याशी गप्पा मारत बसते. तो एकाएकी गुडघे टेकतो आणि अंथरुणाची गोष्ट काढतो. ती किंचाळत पळते. चाओंचा परीक्षा पास झालेला मुलगा जाड बांबूने त्याला झोडपतो. मग गावचा शिपाई रात्री देवळात येऊन अटी सांगतो: एक शेर वजनाच्या लाल मेणबत्त्यांची जोडी आणि उदबत्त्यांचा पुडा घेऊन चाओंच्या दारी माफी, फास घ्यायला लावणारी भुतं घालवण्याच्या विधीचा खर्च, पुन्हा उंबरा चढायचा नाही, वू माला काही झालं तर जबाबदारी त्याची, आणि राहिलेली मजुरी व तिथे पडलेला सदरा मागायचा नाही.

आ क्यू आपली गोधडी गहाण टाकतो. वसंत ऋतू आहे, थंडी सरली आहे, म्हणून निभावतं. आता मेणबत्त्यांचं काय झालं ते निवेदक जाता जाता सांगतो. चाओंनी त्या पेटवल्या नाहीत. मालकीणबाईंच्या देवपूजेला होतील म्हणून जपून ठेवल्या. आणि तो फाटका सदरा? त्यातला बराचसा सूनबाईंच्या होणाऱ्या बाळाची दुपटी झाला. उरलेल्या चिंध्या वू माच्या चपलांच्या तळात गेल्या.

चिनी ग्रामीण व्यवस्थेवर त्या दशकात पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या मनात मात्र हा सदरा राहिला आहे. गरिबाच्या अब्रूची किंमत किती, ती कुणाच्या घरात कशी जिरते आणि शेवटचा तुकडा दुसऱ्या गरिबाच्याच पायाखाली कसा येतो, हे लेखकाने दोन-तीन वाक्यांत शिवून टाकलं आहे. त्या दिवसानंतर गावात आ क्यूला काम मिळत नाही. त्याच्या जागी त्याच्याहूनही हडकुळा शाओ डी कामाला लागतो. भूक लागते, तो मठातले मुळे चोरतो, शहराकडे जातो, चोरांना भिंतीबाहेरून माल झेलून देतो, पैसे घेऊन परततो, चार दिवस मान मिळवतो आणि पुन्हा गमावतो. सहावं प्रकरण वेगाने वाचलं तरी चालेल, फक्त एक जागा सोडू नका. शहरात क्रांतिकारकांचं डोकं उडवताना पाहिलं, ते काय देखणं होतं, असं आ क्यू गावकऱ्यांना रंगवून सांगतो. बघ्यांच्या गर्दीत तोही उभा होता.

मग क्रांती येते. निवेदक तारीख देतो: श्वेनथुंग बादशहाच्या कारकिर्दीचं तिसरं वर्ष, नववा महिना, चौदावी तिथी. म्हणजे ४ नोव्हेंबर १९११. वूछांगचा उठाव १० ऑक्टोबरला झाला होता. गावात बातमी पोचते ती अशी, की बंडवाले पांढरी शिरस्त्राणं आणि पांढरी चिलखतं घालून शहरात शिरले, छुंगचेन बादशहाच्या सुतकात. हा मिंग घराण्याचा शेवटचा बादशहा १६४४ मध्ये गळफास घेऊन मेला होता. अडीचशेहून अधिक वर्षांनी सुतक! लोकांच्या नावाने झालेल्या क्रांतीविषयी लोकांना काय ठाऊक होतं, ते या पांढऱ्या कपड्यांतून कळतं.

आ क्यूला क्रांतीविषयी एकच गोष्ट दिसते: मालक घाबरले आहेत. तो रस्त्यातून बंडाच्या आरोळ्या ठोकत निघतो. आणि तेव्हा चाओ मालक त्याला हलक्या आवाजात हाक मारतात. 'आ' गळून गेलेला असतो. चिनीत ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसाला 'लाओ' लावतात, तो आता क्यूच्या आधी लागला आहे. मराठीत सांगायचं तर ते त्याला 'क्यूराव' म्हणतात. त्याला ती हाक आपल्यासाठी आहे हेच कळत नाही. तो गात पुढे जातो.

रात्री देवळात मेणबत्तीच्या उजेडात त्याला आपली क्रांती दिसते. कुणाला मारायचं, कुणाची पेटी उघडायची, परीक्षा पास झालेल्या मुलाच्या बायकोचा निंगपोचा पलंग देवळात कसा आणायचा. या स्वप्नात अन्याय संपत नाही, फक्त काठी त्याच्या हातात येते. लू शुन त्याला सवलत देत नाहीत, आणि मला वाटतं त्यांच्या करुणेचा खरेपणा यातच आहे. त्यांनी पिचलेल्या माणसाला साधू करून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो क्रांती करायला मठात जातो तर दार बंद. म्हातारी भिक्षुणी रडवेली होऊन सांगते की क्रांती होऊन गेली. चाओंचा मुलगा आणि तोतया फिरंगी सकाळीच येऊन गेले, बादशहाच्या दीर्घायुष्याची पाटी फोडली, तिलाच मांचू सरकार समजून मारलं आणि जाताना श्वेनदं काळातलं मौल्यवान धूपपात्र उचललं. शहरात तोच न्यायाधीश नव्या हुद्द्याने बसतो, फौजेचा तोच कप्तान राहतो. वेइच्वांगमधला बदल एवढाच की काही लोक वेणी डोक्यावर गुंडाळून बांबूच्या काडीने अडकवतात.

वेणीचा हा तपशील गमतीसाठी नाही. १६४५ मध्ये मांचू राज्यकर्त्यांनी सक्ती केली होती की कपाळ भादरायचं आणि मागे वेणी वाढवायची, नाहीतर डोकं जायचं. ती कापणं हा राजद्रोह होता. आता कापायला भीती आणि ठेवायलाही भीती, म्हणून गुंडाळून ठेवलेली. लू शुन यांनी स्वतः १९०३ मध्ये तोक्योत वेणी कापली. १९०९ मध्ये मायदेशी परतताना शांघायमध्ये नकली वेणी विकत घेतली, ती महिनाभर लावली आणि काढून टाकली. त्यानंतर रस्त्यावर लोक त्यांना हसत, शिव्या देत. गोष्टीतला तोतया फिरंगीही नकली वेणीच लावतो. त्या तिरस्करणीय पात्राला लेखकाने आपल्याच डोक्यावरची वस्तू दिली आहे. शाओशिंगची क्रांतीही त्यांनी गावात राहून पाहिली होती. सुती कपड्यांत आलेले नवे कारभारी थोड्याच दिवसांत फरच्या झग्यात दिसू लागले, असं त्यांनी नंतर लिहिलं. ज्या दिवशी या गोष्टीचं शेवटचं प्रकरण छापून आलं, त्या १२ फेब्रुवारीला शेवटच्या बादशहाच्या पदत्यागाला बरोबर १० वर्षं झाली होती. हे ठरवून झालं असं मी म्हणत नाही. पण त्या सकाळी पुरवणी उघडणाऱ्याला ती तारीख ठाऊक असणारच.

आ क्यू तोतया फिरंग्याकडे जाऊन क्रांतीत सामील करून घ्या म्हणून विनवतो. त्याला हाकलून दिलं जातं. माओ त्सेतुंग यांनी १९५६ मध्ये 'दहा प्रमुख संबंध' या भाषणात याच प्रसंगाचा दाखला दिला होता, की चुकलेल्या माणसाला क्रांतीची दारं बंद करू नका. पुढच्या दोन दशकांत ती दारं किती जणांच्या तोंडावर बंद झाली, हे या लेखमालेत पुढे येईलच.

चाओंच्या घरावर दरोडा पडतो. आ क्यू तो दुरून नुसता पाहतो. चार दिवसांनी मध्यरात्री सैनिक, शिपाई आणि गुप्तहेर देवळासमोर मशीनगन लावून त्याला पकडून नेतात. न्यायासनासमोर त्याचे गुडघे आपोआप वाकतात. उभा राहा म्हटलं तरी तो वाकतो. विचारलेलं त्याला समजत नाही, तो सांगतो ते त्यांना हवं तसं समजतं. शेवटी कागद पुढे येतो. सही करायची आहे.

त्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा कुंचला येतो. लिहिता येत नाही, हे तो लाजत सांगतो. मग वर्तुळ काढ, असं सांगतात. तो जमिनीवर वाकतो आणि सगळं बळ एकवटून वर्तुळ काढू लागतो. लोक हसतील म्हणून त्याला ते गोल यायला हवं आहे. पण मेला कुंचला जड आहे आणि ऐकत नाही. रेघ जुळत येते आणि थरथरत बाहेरच्या बाजूला निसटते. वर्तुळाचा आकार कलिंगडाच्या बीसारखा होतो.

हा त्याच्या मृत्यूचा कबुलीजबाब आहे, हे वाचकाला कळलेलं असतं, त्याला नाही. त्याला लाज वाटते ती गोल नीट न आल्याची. रोमन लिपीतल्या ज्या अक्षरावर त्याचं नाव तोललेलं आहे, तेही एक न मिटलेलं, शेपूट निघालेलं वर्तुळच आहे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने सुबक करायचा प्रयत्न केला. कोठडीत परतल्यावर तो जुनी युक्ती वापरतो, वर्तुळं गोल काढणं हे पोरासोरांचं काम, अशी समजूत घालतो आणि झोपतो. ही युक्ती शेवटची चालते.

सकाळी त्याला पांढरा सदरा चढवून उघड्या गाडीत बसवतात. दोन्ही बाजूंना माणसं. त्यांत त्याला वू मा दिसते, शहरात कामाला आलेली. ती त्याच्याकडे पाहत नाही, सैनिकांच्या खांद्यावरच्या बंदुका टक लावून पाहते आहे. मरायला निघालेल्याने नाटकातलं एखादं पद म्हणायचं अशी रीत आहे, आणि ती आपल्याला राखता आली नाही याची त्याला लाज वाटते. तो शूरपणाचं एक ठरीव वाक्य अर्धंच म्हणतो, गर्दी ओरडून दाद देते. त्या ओरडण्यात त्याला लांडग्याचं गुरगुरणं ऐकू येतं. चार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक भुकेला लांडगा त्याच्या मागे लागला होता, जवळ येत नव्हता आणि पाठही सोडत नव्हता. तेव्हा हातात कोयता होता म्हणून तो गावापर्यंत पोचला. ते डोळे त्याला आठवतात. आत्ताचे हे डोळे त्याहून भयंकर आहेत. बोथट तरी टोकदार, त्याचे शब्द चावून झालेले आणि आता कातडी-मांसापलीकडचं काही चावायला निघालेले.

नऊ प्रकरणांत निवेदकाने थट्टा सोडली आहे ती इथे. आणि आ क्यूला मनातल्या मनात वरच्या पायरीवर चढता आलेलं नाही, तेही इथेच. सेंदाईच्या वर्गातली ती चित्रपट्टी आपण दुसऱ्या भागात पाहिली होती: जपानी सैनिकाच्या तलवारीखाली एक चिनी माणूस आणि भोवती धडधाकट, कोऱ्या चेहऱ्यांचे त्याचेच देशबांधव. तेव्हा लू शुन बाकावर बसून चित्रातल्या गर्दीकडे पाहत होते. या गोष्टीत त्यांनी जागा बदलली आणि गाडीत बसून गर्दीकडे पाहिलं. गर्दीत पहिल्या रांगेला पुरवणीचा वाचक आहे. १० आठवड्यांपूर्वी तो खवड्यांना हसायला आला होता.

आ क्यूच्या तोंडून मदतीची हाक फुटत नाही. धूळ उडावी तसं त्याचं शरीर विखुरल्याचं त्याला वाटतं, आणि संपतं. मागाहून वेइच्वांगमध्ये एकमत होतं की तो वाईटच असणार, नाहीतर गोळ्या कशाला घातल्या असत्या. शहरातले लोक नाराज होतात. गोळी घालणं डोकं उडवण्याइतकं बघण्यासारखं नसतं, आणि हा कसला गुन्हेगार, इतक्या रस्त्यांवरून फिरवला तरी एक पद म्हटलं नाही. त्यांची सगळी पायपीट फुकट गेली.

पुढच्या आठवड्यात आपण दोन-तीन वर्षं मागे, १९१९ च्या 'खुंग यीजी'कडे जाऊ. लू गावातल्या श्येनहंग गुत्त्यात, एका पडीक पंडिताच्या नावापुढे फळ्यावर १९ नाण्यांची उधारी लिहिलेली आहे, आणि तो दारातून आत आला की सगळी गिऱ्हाइकं हसू लागतात.